पथ्याचं ताट वेगळं नको : बटाटा वगळून कोलकॅनन

मैत्रिणींनो, पाहुण्यांसाठी करायचे पदार्थ वेगळे आणि आपल्या माणसांसाठी करायचे वेगळे. तापातून उठलेल्या मुलाला आपण बासुंदी वाढत नाही. मऊ भात, मेतकूट आणि वर साजूक तुपाची धार, एवढंच त्याला पुरतं. आयर्लंडमध्ये या जागेवर जो पदार्थ आहे त्याचं नाव कोलकॅनन. उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात बारीक चिरलेला कोबी किंवा केल, पातीचा कांदा, गरम दूध आणि सढळ हातानं लोणी. मसाला म्हणाल तर मीठ आणि मिरपूड. दिवसभर पावसात भिजून घरी आलेल्या माणसापुढे याची वाफाळती ताटली ठेवली की त्याला दुसरं काही विचारावं लागत नाही.

हल्ली मला येणाऱ्या पत्रांत दोन प्रश्न हमखास असतात. कुणाची लेक नोकरीसाठी डब्लिनला असते, कुणाची सून कॉर्कला, आणि त्या विचारतात, "तुम्ही तिकडेच राहता, तर तिकडचा एखादा साधा, घरगुती पदार्थ सांगा." दुसरा प्रश्न असा : "यांना साखर निघाली आहे. भात, बटाटा, पाव कमी करायला सांगितलंय. आता रोज करू तरी काय?" या दोन्ही प्रश्नांचं एकच उत्तर देण्याची संधी मला शेजारच्या घरानं दिली. म्हणून आजचा लेख कोलकॅननवर, आणि तोही बटाटा वगळून.

आता आयरिश माणसाला बटाटा सोडायला सांगणं म्हणजे काय, हे कळायला थोडा इतिहास हवा. बटाटा आयर्लंडमध्ये आला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तिथल्या ओलसर, थंड हवेत आणि हलक्या जमिनीतही तो भरघोस येई. जमिनीच्या लहानशा तुकड्यावर एक कुटुंब वर्षभर जगू शके. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गरीब शेतमजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटे आणि त्याबरोबर ताक, एवढ्यावर राहत. हे अन्न निकृष्ट होतं असं समजू नका. बटाट्यात क जीवनसत्त्व असतं, ताकातून प्रथिनं मिळत, आणि उन्हातान्हात राबणाऱ्या शरीराला ते सगळं पचत असे.

संकट आलं ते सारं आयुष्य एकाच पिकावर टांगलेलं होतं म्हणून. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि शेतंच्या शेतं काळी पडून कुजली. १८५२ पर्यंत चाललेल्या या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि साथीच्या रोगांनी गेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ऐंशी लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये पासष्ट लाखांवर आली. ज्या पिकानं जगवलं आणि ज्याच्या जाण्यानं मारलं, त्याच्याशी त्या लोकांचं नातं निव्वळ भाजीचं कसं असेल? तिथल्या म्हाताऱ्या माणसाला "बटाटा बंद" म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यामागे एवढं सगळं आहे.

कोलकॅनन हा शब्द आयरिश भाषेतल्या 'काल कॅनन' वरून आला. त्याचा अर्थ पांढऱ्या डोक्याचा कोबी. गंमत पाहा, नावात बटाटा कुठेच नाही! ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्या रात्री, हा पदार्थ घरोघर होत असे आणि अजून कितीतरी घरांत होतो. कागदात गुंडाळलेली अंगठी, नाणं, शिवणकामाचं टोपण आणि बटण त्यात लपवायची रीत होती. अंगठी ज्याच्या ताटात येईल त्याचं लग्न लवकर, नाणं आलं तर पैसा, टोपण आलं तर ती मुलगी बिनलग्नाची राहणार आणि बटण आलं तर तो मुलगा ब्रह्मचारी. उत्तरेकडच्या अल्स्टर भागात असाच 'चॅम्प' नावाचा प्रकार करतात. त्यात कोबी नसतो, पातीचा कांदा भरपूर असतो.

या पदार्थात लोण्याचा मान मोठा. ताटलीत ढीग घालून मध्ये चमच्यानं आळं करतात, अगदी आपण कढीसाठी भाताला करतो तसं, आणि त्यात लोण्याचा गोळा सोडतात. तो वितळून तळं होतं. मग कडेकडेनं एकेक घास घ्यायचा, त्या तळ्यात बुडवायचा आणि खायचा. तळं शेवटपर्यंत फुटू द्यायचं नाही, यात लहान मुलांची चढाओढ लागते. लोणी तिथं बटाट्याहून कितीतरी जुनं. पूर्वी लोक ते दलदलीच्या जमिनीत पुरून ठेवत. शेकडो वर्षांपूर्वीचे असे गोळे डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहेत. आमच्या कॉर्क शहरात तर १७७० पासून १९२४ पर्यंत लोण्याची मोठी पेठ होती. इथून पिंपंच्या पिंपं लोणी जहाजांतून परदेशी जाई.

आता शेजारच्या घराकडे वळते. तिथं एक वृद्ध जोडपं राहतं. इथल्या रीतीप्रमाणे मी दोघांना नावानंच हाक मारते, पण मनात आणि या पानावर ते आजी-आजोबाच. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बटाटा, पाव, केक यांचं प्रमाण कमी करायला सांगितलं. आजी स्वभावानं कडक. त्यांनी कमी न करता थेट बंदच केलं. दर रविवारी मुलगा, सून, नातवंडं जेवायला येतात. त्यांच्यासाठी बटाटे होत, आणि आजोबांपुढे वेगळ्या ताटलीत पालापाचोळा आणि हॅमचे दोन तुकडे. दोन-तीन रविवार त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. मग ते आपली ताटली उचलून बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर जाऊन बसू लागले. पुढे पुढे एरवीच्या दिवशीही.

कुंपणापाशी कपडे वाळत घालताना आजी मला म्हणाल्या, "साखर उतरली गं, पण माणूस टेबलावरून उठला." अठ्ठेचाळीस वर्षं समोरासमोर बसून जेवलेली ही दोन माणसं.

मला आपल्याकडची कितीतरी घरं आठवली. आजारी माणसाचं अळणी, बेचव जेवण वेगळ्या पातेलीत शिजतं, बाकीच्यांच्या ताटात चमचमीत पडतं आणि वर आपणच म्हणतो, "त्यांचं पथ्य आहे ना!" पथ्य शरीरासाठी असतं, पण शिक्षा मनाला होते. म्हणून मी आजींना एवढंच सुचवलं : सगळ्यांना एकच पदार्थ करा. तो असा व्हायला हवा की नातवंडांनीही दुसऱ्यांदा मागून घ्यावा. तसा जमला नाही तर तो पदार्थ बाद.

त्यांच्या लेकीनं वेगळा मार्ग काढला होता. फ्लॉवर उकडून बेमालूम कुस्करायचा, बटाटा म्हणून वाढायचा आणि बाबांना सांगायचंच नाही. आजींना ते पटलं नाही. "ते काय लहान मूल आहेत?" म्हणाल्या. त्यांचं म्हणणं दुसऱ्याही कारणानं बरोबर होतं, आणि हे कारण प्रत्येक गृहिणीनं लक्षात ठेवावं. साखरेच्या रोग्याला, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्याला, ताटात काय आहे हे ठाऊक असलंच पाहिजे. बटाटा खाणार म्हणून त्यानं त्या हिशेबानं इन्सुलिन घेतलं आणि पोटात गेला फ्लॉवर, तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, भोवळ, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. पथ्यात लपवाछपवी नको.

आता थोडं आकड्यांबद्दल. पिष्टमय आणि साखरेचे पदार्थ, म्हणजे ज्यांना कर्बोदकं म्हणतात ती, पोटात गेल्यावर त्यांची ग्लुकोज साखर होते. उकडून मऊ कुस्करलेल्या बटाट्यातलं पीठ फार झटपट पचतं, म्हणून रक्तातली साखरही झपाट्यानं चढते. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण १७ ते २० ग्रॅम कर्बोदकं असतात. शिजलेल्या भातात ती सुमारे २८ ग्रॅम. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये जेमतेम ५, आणि त्यातही २ ग्रॅमच्या आसपास तंतू, म्हणजे चोथा. तो साखर वाढवत नाही. पांढऱ्या सलगमात सुमारे ६, सेलरिॲकमध्ये सुमारे ९.

सेलरिॲक हा सेलरीच्या जातीचा कंद. दिसायला ओबडधोबड, सुरणाचा धाकटा भाऊ शोभेल असा. आतून पांढरा, वास मंद आणि छान. इथल्या दुकानांत सहज मिळतो. आणखी एक गोष्ट इथं राहणाऱ्या लेकीसुनांसाठी : आयर्लंडमध्ये 'टर्निप' मागितलं तर बहुधा पिवळ्या गराचा मोठा स्वीड हाती पडतो, आपलं पांढरं सलगम नव्हे. स्वीडही चालतो, पण तो गोडसर असतो आणि रंग पिवळा येतो. ज्याला पांढरंशुभ्र कोलकॅनन हवं त्याला ते रुचत नाही.

आम्ही प्रयोग सुरू केले ते आजोबांना परीक्षक नेमून. निव्वळ फ्लॉवरचा लगदा चवीला चांगला लागतो. फ्लॉवर, कोबी, केल आणि नवलकोल ही मुळात एकाच वनस्पतीची रूपं, त्यामुळे केल आणि फ्लॉवरचं एकमेकांशी पटकन जुळतं. अडचण येते ती पाण्याची. फ्लॉवरमध्ये शंभरातले ९२ भाग पाणी, आणि ते धरून ठेवायला बटाट्यासारखं पीठ नाही. आजोबांनी चमच्यानं आळं केलं, लोणी घातलं, आणि दोन मिनिटांत भिंत खचून लोणी ताटलीभर पसरलं. ते म्हणाले, "चव वाईट नाही, पण लोणी घरात राहत नाही." त्या वाक्यानं आम्हाला कसोटी मिळाली. आळं टिकलं तर कोलकॅनन, नाही तर भाजीचं पिठलं!

त्यावर तीन उपाय आहेत. फ्लॉवर पाण्यात न उकडता वाफवायचा आणि नंतर भांड्यात कोरडा करायचा. दूध अजिबात घालायचं नाही, त्याऐवजी घट्ट क्रीम चीज. आणि घट्टपणासाठी थोडा सेलरिॲक. हे तिन्ही सांभाळले की आळं टिकतं. चौघांचं प्रमाण देते.

साहित्य : फ्लॉवरचे तुरे ७०० ग्रॅम, सोललेला सेलरिॲक २०० ग्रॅम, केल २०० ग्रॅम, पातीचे कांदे ४-५, लोणी ६० ग्रॅम, साय न काढलेल्या दुधाचं क्रीम चीज १०० ग्रॅम, मीठ, पांढरी किंवा काळी मिरपूड, चिमूटभर किसलेलं जायफळ.

कृती : सेलरिॲकच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी करून मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं, अगदी मऊ होईतो शिजवाव्यात आणि चाळणीत निथळत ठेवाव्यात. फ्लॉवरचे तुरे मोदकपात्रात किंवा चाळणीवर बारा ते पंधरा मिनिटं वाफवावेत. सुरी सहज आत गेली की उतरवावेत. जास्त वेळ शिजवलं तर कोबीवर्गातल्या भाज्यांना गंधकाचा उग्र वास सुटतो आणि सगळी मजा जाते. उतरवल्यावर पाच-दहा मिनिटं उघडेच ठेवावेत, म्हणजे वाफ निघून जाते.

तोवर केलचे जाड देठ काढून टाकावेत. पानं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं शिजवून गार पाण्यातून काढावीत, मुठीत घट्ट पिळावीत आणि बारीक चिरावीत. पिळण्यात कसूर करू नये. इथं राहिलेलं पाणीच पुढे आळं फोडतं. पातीचा कांदा पातीसकट बारीक चिरून अर्ध्या लोण्यात मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतावा. तांबूस होऊ देऊ नये.

आता फ्लॉवर आणि सेलरिॲक जाड बुडाच्या पातेल्यात घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवावेत. तळाशी पाणी दिसेनासं झालं की क्रीम चीज, मीठ, मिरपूड, जायफळ घालून घोटावं. इथं मिक्सर खुशाल वापरा. बटाटा मिक्सरमधून काढला तर त्यातलं पीठ सुटून डिंकासारखं चिकट होतं, म्हणून तो हातानंच कुस्करायचा असतो. फ्लॉवरला ती भीती नाही. मग पातेलं पुन्हा आचेवर ठेवून केल आणि कांदा लोण्यासकट त्यात मिसळावा. चांगलं गरम झालं की गरम केलेल्या ताटल्यांत ढीग घालून आळं करावं आणि उरलेलं लोणी चौघांत वाटून त्यात सोडावं. ताटल्या गरम हव्यातच. हा लगदा बटाट्यापेक्षा लवकर निवतो.

आणि हो, फोडणीचा मोह आवरा! मोहरी, हिंग, हळद घातली की ती आपली भाजी झाली. चांगली होईल, पण मग तिला कोलकॅनन म्हणू नका.

हिशेब करायचा तर, एक किलो बटाट्याच्या नेहमीच्या कोलकॅननमधून चौघांपैकी प्रत्येकाला सुमारे ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. या प्रकारात ती २० च्या आत बसतात, आणि त्यातलाही बराच भाग तंतूंचा. युरोपातल्या पाकिटांवर कर्बोदकांचा जो आकडा छापतात तो तंतू वगळून असतो, हे तिथं खरेदी करताना ध्यानात असू द्या.

बरोबर काय वाढावं? इथं उकडलेलं बेकन किंवा सॉसेज वाढतात. सॉसेज घेताना पाकीट वाचावं, कारण इथल्या सॉसेजमध्ये बऱ्याचदा पावाचा किंवा रस्कचा चुरा असतो आणि वाचवलेली कर्बोदकं तिथून परत येतात. शाकाहारी मंडळींना लोण्यात परतलेले मश्रूम किंवा पनीर चालेल. अंडं खाणाऱ्यांनी वर एक हाफ फ्राय ठेवावं, फार सुरेख लागतं.

भारतात करायचं झालं तर केलच्या जागी नवलकोलाचा कोवळा पाला वापरा. आपण तो बरेचदा टाकून देतो, पण तो केलचा सख्खा भाऊ आहे. नाही तर साधा कोबी आहेच. क्रीम चीजऐवजी रात्रभर टांगलेल्या दह्याचा आंबट नसलेला चक्का घ्या, फक्त तो पातेलं आचेवरून उतरवल्यावर मिसळा, म्हणजे फाटणार नाही. सेलरिॲक नसेल तर पांढरं सलगम उकडून, कुस्करून, फडक्यातून पिळून घ्या. लोणी घरचं पांढरं असेल तर उत्तमच. इथलं लोणी बहुधा खारं असतं, तेव्हा मिठाचा अंदाज त्याप्रमाणे बदला.

सेलरिॲक आल्यानंतरच्या रविवारी आजोबांनी आळं केलं, लोणी घातलं आणि हात मागे घेऊन नुसते पाहत राहिले. आळं टिकलं. मग ताटली घेऊन ते आतल्या टेबलावर, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले. धाकट्या नातवानं "हा बटाटा नाही," असं मोठ्यांदा जाहीर केलं. त्यावर आजोबा म्हणाले, "नाहीच. हा फ्लॉवर आहे. तुला नको असेल तर इकडे दे." नातवानं ताटली दिली नाही. आता सेलरिॲक सोलायचं काम आजोबांकडे असतं. ते साल जरा जाडच काढतात, पण आजी काही बोलत नाहीत.

हॅलोविनला मात्र त्या घरात खरा बटाटा शिजला. हे दोघांनी आधी बसून ठरवलं होतं. एक मध्यम बटाटा, साधारण १०० ग्रॅमचा, फ्लॉवरमध्येच कुस्करला आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला. त्यानं प्रत्येकाच्या ताटात चार-पाच ग्रॅमच कर्बोदकं वाढली, पण त्या रात्री कुणालाही वगळल्यासारखं वाटलं नाही. नाणं कागदात गुंडाळून घातलं होतं. तुम्ही घालणार असाल तर लहान मुलांना आधी सांगून ठेवा आणि अगदी लहानग्यांच्या ताटात घालूच नका.

शेवटी काही सूचना, त्या मनावर घ्या. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी कर्बोदकं एकदम कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. औषधाची मात्रा बदलावी लागू शकते, आणि काही नव्या गोळ्यांबरोबर फार कमी कर्बोदकांचा आहार धोक्याचाही ठरतो. गरोदर बायकांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही आपल्या मनानं असे आहार सुरू करू नयेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी केल आणि कोबी एक दिवस खूप, एक दिवस मुळीच नाही, असं करू नये. त्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि औषधाचा तोल बिघडतो. सेलरीची ॲलर्जी असणाऱ्यांनी सेलरिॲक वगळावा. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी लोणी निम्मं करावं. आळं लहान करा, पण करा.

घरी साखर तपासणाऱ्यांसाठी आणखी एक. आयर्लंडमधल्या यंत्रावर ७ असा आकडा आला तर घाबरू नका की हसू नका. तिथलं माप वेगळं आहे. त्या आकड्याला १८ नं गुणलं की आपल्याकडचा आकडा मिळतो. म्हणजे तिथले ७ ते आपले १२६. फोनवर लेकीशी बोलताना हा घोळ नेहमी होतो.

वाढत्या वयाच्या मुलांना एवढ्या कमी कर्बोदकांची गरज नाही. त्यांना याच कोलकॅननबरोबर पावाचा तुकडा द्यावा. पातेलं सगळ्यांचं एकच असलं म्हणजे झालं, कडेला वाढलेला जिन्नस कमीजास्त चालतो.

उरलेलं कोलकॅनन फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. गोठवून ठेवू नये, वितळताना पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी त्यात एक अंडं फोडून, चपट्या टिकिया थापून लोण्यात मंद आचेवर खरपूस भाजाव्यात. उलटताना घाई करू नये, खालची बाजू पुरती तांबूस झाल्याखेरीज त्या तव्याला सोडत नाहीत. सकाळच्या न्याहारीला छान होतात.

तुमच्या घरात कुणाचं पथ्य चालू असेल आणि सगळ्यांना आवडलेला एखादा पदार्थ तुम्ही बसवला असेल, तर प्रमाणासकट जरूर लिहून पाठवा. पुढच्या वेळी तुमच्याच पत्रांतून आलेल्या, भाताला पर्याय ठरतील अशा चार प्रकारांबद्दल सांगेन.